पाणी उतरल्यावरची वाट

माझा एक जुना विद्यार्थी ग्लासगो शहरात नोकरीला आहे. शाळेत असताना चित्रकलेच्या तासाला तो वहीत चित्र काढीत नसे, बाकावर काढी. त्यामुळे तो माझ्या चांगलाच लक्षात राहिला. २०२४ च्या संक्रांतीला त्याचे पाकीट आले. आत एक घडीचा कागद होता आणि सोबतच्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते : "सर, इथल्या एका तळ्याकाठच्या वाटांचा नकाशा पाठवतो आहे. आपल्या भिगवणच्या पाण्याचा असा नकाशा कोणी केला आहे का?"

कागद उघडून मी टेबलावर पसरला. मधे लांबट निळे पाणी, भोवती हिरवे-तपकिरी डोंगर, आणि पाण्याच्या काठाकाठाने ओढलेल्या रंगीत रेघा. प्रत्येक रेघेशी खूण : ही वाट सोपी, ही मध्यम, ही दमवणारी. एका रेघेपाशी चाकाच्या खुर्चीचे चित्र होते. म्हणजे ज्याचे पाय चालत नाहीत त्यानेही इथे यावे. दुसरीकडे बाबागाडी. मला त्या कागदाचे फार अप्रूप वाटले. आमच्याकडे कुणाला वाट विचारली तर "हे काय, इथंच तर हाय" एवढ्यावर भागते. मग ते 'इथंच' दोन कोसांवर का असेना, आणि विचारणारा काठी टेकीत का चालत असेना.

त्या तळ्याचे नाव कॅट्रिन. स्कॉटलंडात तळ्याला 'लॉख' म्हणतात, म्हणून लॉख कॅट्रिन. वॉल्टर स्कॉटने १८१० साली 'लेडी ऑफ द लेक' हे काव्य लिहिले ते याच पाण्यावर. ते इतके गाजले की लोक पुस्तक बगलेत मारून ते पाणी बघायला जाऊ लागले. तळ्याच्या उत्तर काठाने सुमारे तेरा मैलांचा गुळगुळीत रस्ता आहे आणि त्यावर खाजगी मोटारींना मज्जाव आहे. पायी जा, सायकलीने जा. ज्याला उंचावरून पाणी बघायची हौस आहे त्याच्यासाठी शेजारी बेन आन नावाची टेकडी आहे. उंची ४५४ मीटर, पण चढण खडी. धडधाकटाने टेकडी चढावी, म्हाताऱ्याने काठाने चालावे आणि पाणी दोघांनाही दिसावे, अशी ती योजना.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला चित्रकलेचा मास्तर. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे कोणताही नकाशा हाती आला की पहिल्यांदा त्याचे रंग बघतो आणि दुसऱ्यांदा त्यात काय दाखवलेले नाही ते शोधतो. या कागदावर न दाखवलेली गोष्ट अशी की हे पाणी सगळेच्या सगळे निसर्गाने दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकात ग्लासगो शहर कारखान्यांनी आणि माणसांनी गच्च भरले. तिथले पाणी घाण झाले. १८३२ साली आणि पुन्हा १८४८-४९ साली पटकीने माणसे पटापट मेली. तेव्हा शहराने ठरवले की डोंगरातल्या कॅट्रिनचे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून शहरात आणायचे. जॉन फ्रेडरिक बेटमन नावाच्या इंजिनिअरने ते काम केले. १४ ऑक्टोबर १८५९ रोजी व्हिक्टोरिया राणी स्वतः तळ्यावर आली आणि तिच्या हस्ते पाणी सुटले.

पाणी साठवायचे म्हणजे तळ्याची पातळी चढवायची. ती चढली तेव्हा जुना काठ बुडाला. ज्या पांढऱ्या खड्यांच्या किनाऱ्याचे वर्णन वाचून लोक तिथे जात, तो किनाराही पाण्याखाली गेला. पोर्टनेलन येथे मॅकग्रेगर घराण्याचे जुने दफनस्थान काठावर होते. तेवढे मात्र भिंत घालून उंच केले, आणि आजही ते पाण्यात पुढे आलेल्या ओट्यासारखे उभे आहे. जिवंत माणसांच्या तहानेसाठी काठ बुडवला. मेलेल्यांची जागा तेवढी कोरडी ठेवली. हे वाचले आणि मला पळसदेव आठवले. पण त्याकडे जरा वळसा घालून येतो.

राणी कॅट्रिनवर पाणी सोडत होती त्याच महिन्यात, १८५९ च्या ऑक्टोबरात, आमच्या भीमेवरून आगगाडी पलीकडे जाऊ लागली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ च्या डिसेंबरात डिकसळपर्यंत आला होता. डिकसळ हे इंदापूर तालुक्यातले भीमाकाठचे खेडे. दहा महिने हे खेडे त्या लोहमार्गाचे शेवटचे स्टेशन होते. सोलापूर, बार्शीकडचा माल बैलगाड्यांनी इथवर यायचा आणि इथे डब्यांत चढायचा. मग १८५९ च्या ऑक्टोबरात पुढचा मार्ग बार्शी रोडपर्यंत खुला झाला, १८६० च्या जूनमध्ये गाडी सोलापुरास पोहोचली आणि डिकसळचे वैभव आले तसे गेले. आज तिथे उभे राहिले की हे खरे वाटत नाही. समोर जिकडे तिकडे पाणी. नव्या पाण्यामुळे लोहमार्ग दुसरीकडून वळवला गेला आणि आगगाडीचा जुना दगडी पूल मोटारींच्या आणि बैलगाड्यांच्या वाट्याला आला.

हे नवे पाणी म्हणजे उजनी. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेला बांध घातला. साठीच्या दशकात सुरू झालेले ते काम १९८० साली पुरे झाले. यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण तिने तुंबवलेले पाणी मागे सरकत सरकत इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांच्या शिवारात शिरले. माझा जन्म १९८० चाच. धरण आणि मी एका वयाचे. आमच्या घरात माझे वय विचारले तर आजी सांगायची, "पाणी अडलं त्या साली झाला." त्या एका वाक्यात तिची शेती, माहेरची वाट आणि नातू असे सगळेच यायचे.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणून मी खरोखरच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पहिलीच अडचण अशी आली की काठ कुठे काढावा? कॅट्रिनचा काठ एका जागी आहे. आमचा नाही. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी पाणी मृत साठ्याचे, म्हणजे कालव्यात आपोआप न येणारे. त्याच्या वरचे पाणी मोजायचे ते शून्यापासून शंभर टक्के. आणि मृत साठ्यातले पाणी खाली जाऊ लागले की ते मोजायचे वजा टक्क्यांत! आमच्याकडची शाळकरी पोरे ऋणसंख्या शिकतात ती गणिताच्या पुस्तकातून नव्हे. "उजनी वजात गेली" हे ती घरी जेवताना ऐकतात. गणिताच्या मास्तरांचे एक काम तेवढेच हलके होते.

२०२३ च्या पावसाने दगा दिला. धरण भरलेच नाही. २०२४ च्या जानेवारीतच ते वजात गेले आणि मे महिन्यात वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरले. पाणी असे उतरते तेव्हा काठ मागे मागे हटत जातो आणि मोकळी झालेली जमीन वर येते. लोक तिच्यात गाळपेर करतात. कडवळ, मका, जे हाती लागेल ते. मासेमारीच्या होड्या दूर पात्राकडे जातात. हिवाळ्यात याच उथळ चिखलात रोहित पक्षी हजारोंनी उभे असतात. ते बघायला पुण्या-मुंबईची मंडळी भिगवण-कुंभारगावास येतात, आणि चिलापी मासे धरणारी पोरे त्यांना होडीतून पाखरांपाशी नेतात. पण मेमध्ये पाखरे गेलेली असतात. मेमध्ये बाहेर येतात गावे.

जुने पळसदेव हे त्यांतले एक. पुणे-सोलापूर रस्त्यावर आज जे पळसदेव दिसते ते नवे. जुने गाव भीमेच्या काठी होते, आणि गावाचा मानबिंदू म्हणजे पळसनाथाचे देऊळ. खाली काळ्या दगडाचे कोरीव खांब, वर निमुळते होत गेलेले शिखर, भोवती वीरगळ आणि सतीशिळा. सहा-सातशे वर्षे तरी ते नदीकडे बघत उभे असावे. गाव उठले तेव्हा देव नव्या गावात नेला. देऊळ नेता आले नाही. पाणी भरले की देऊळ बुडते. उतरू लागले की आधी शिखराचे टोक दिसते, मग खांदे, आणि २०२४ सारख्या कोरड्या वर्षी अख्खे देऊळ पायथ्यासह उघडे होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे हे असेच चालले आहे, आणि चुन्यात धरलेले दगड अजून एकमेकांना सोडायला तयार नाहीत.

माझी आत्या जुन्या पळसदेवात दिली होती. आता तिची ऐंशी उलटली आहे. धरणाची भिंत वर येऊ लागली तेव्हा मामांनी (आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात) बैलगाडीत संसार भरला. आत्याने जाते भरायला लावले. मामा म्हणाले, "तिकडं गिरणी आहे." आत्या म्हणाली, "गिरणीवर ओव्या म्हणता येतात व्हय?" ते जाते आजही त्यांच्या नव्या घराच्या मागल्या दारी पालथे पडलेले आहे. त्यावर आता कुणी दळत नाही.

आत्या चालण्यात कधी हरली नव्हती. आमच्या बारामती-इंदापूर तालुक्यांत 'चालणे' या शब्दाला एकच मोठा अर्थ आहे. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी पालखी सोहळा सुरू केला. देहूची ती पालखी बारामतीत मुक्काम करते. पुढे काटेवाडीत परीट मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. मग सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेचे स्नान. त्या वाटेवर सोपी, मध्यम, कठीण अशी खूण कुठेच नाही. पाटी नसते, पण व्यवस्था असते. दिंडीत तरणा पुढे, थकलेला मागे. ज्याचे पाय सुजले त्याची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर. जो बसला त्याच्यासाठी मागून येणारी दिंडी आहेच. आंधळा माणूस वीणेकऱ्याच्या आवाजावर चालताना मी पाहिला आहे. आत्या इंदापुराहून त्या वारीत मिळायची. पंचवीसेक वाऱ्या झाल्या असतील. मग गुडघे गेले. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेला जे पाणी सोडतात ते याच उजनीतून, हे मी तिला एकदा सांगितले. ती म्हणाली, "मला ठाव हाय. म्हणूनच मी तिथं दोनदा बुडी मारायची. एक इठोबाची, एक घरची."

तर मे महिन्यात, शाळेला सुटी लागल्यावर, मी तिच्याकडे गेलो होतो. देऊळ उघडे पडल्याची बातमी वर्तमानपत्रांत येऊन गेली होती आणि रोज मोटारी येत होत्या. पोरे देवळासमोर फोटो काढून जात होती. आत्या ओसरीवरून त्या मोटारींची धूळ बघत होती. मला म्हणाली, "समदा मुलूख माझ्या दारात जाऊन आला. मला बी एकदा ने."

मी म्हटले, "मोटारसायकलवर नेतो."

"देवाच्या दारी फटफटी? चालत जाऊ."

"तुझे गुडघे?"

"गुडघे काय, वाटेवर अवलंबून असत्यात."

हे वाक्य मला त्या वेळी निव्वळ हट्टाचे वाटले. मी ग्लासगोचा कागद आठवून ठरवले की आधी एकट्याने जाऊन वाट पाहून यावी, सोपी कोणती ते कागदावर काढावे, मग तिला न्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शिखर समोर दिसत होते, म्हणून सरळ त्याच्या रोखाने चालू लागलो. काठची वेडी बाभूळ आणि बेशरमीची झुडपे ओलांडली, गाळपेरीची दोन वावरे ओलांडली, आणि मग भेगाळलेला गाळ लागला. वरून तो फरशीसारखा कडक. शे-दीडशे पावले छान गेली आणि एकाएकी डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. काढायला उजवा टेकला, तर तोही. हातातली वही दूर फेकली आणि हाक मारली. जाळे वाळत घालणारा एक मासेमार धावत आला. तो आधी माझ्याकडे न येता लांब बाजूने वळसा घालून आला, मला उताणा पडायला सांगितले आणि काखेत हात घालून ओढून काढले. पायातली वहाण तिथेच राहिली. अजून असेल.

तो म्हणाला, "गुरुजी, देवळाकडं बघून चालू नका. खाली रंग बघा. ढेकूळ पांढरं पडलंय तिथं पाय टाका. काळी चकाकी दिसली की तिथून फिरा." चित्रकलेच्या मास्तराला रंग बघायला शिकवले ते असे एका कोळ्याने.

संध्याकाळी चिखलाने भरलेले धोतर बघून आत्याने विचारले, "कुठनं गेलतास?" मी कागदावरची सरळ रेघ दाखवली. तिने कागदाकडे पाहिलेच नाही. "तिकडं ओढा होता. पूर्वी बी त्या बाजूनं कुणी जात नव्हतं. मला इचारायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही निघालो. मी एक घडीचे स्टूल, पाण्याची बाटली आणि वही घेतली. आत्याने काठी घेतली. बरोबर तो मासेमार आणि त्याचा मुलगाही आले, कारण "आजीला नेताय तर आम्ही हाय." आत्या देवळाच्या दिशेने निघालीच नाही. ती उजवीकडे वळली. मला वाटले तिला दिशाभूल झाली. पण ती थोडे चालायची, काठी आपटायची, आवाज ऐकायची आणि पुढे जायची. काठीचा आवाज भक्क यायचा तिथे थांबायची, ठक्क यायचा तिथे निघायची. दहा-पंधरा मिनिटांत आम्ही एका किंचित उंच पट्ट्यावर आलो. गाळ तिथे बोटभर होता. खाली मुरूम. "ही गाडीवाट," आत्या म्हणाली. "हिच्यावरनं आमचं जातं गेलं."

कित्येक पिढ्यांच्या बैलगाड्यांनी दाबलेली ती वाट चाळीसहून अधिक वर्षे पाण्याखाली राहूनही खचली नव्हती. दोन चाकोऱ्या अजून ओळखू येत होत्या. वाट सरळ नव्हती. आधी लांब वळण घेऊन, मग परत देवळाकडे येत होती. माझ्या रेघेपेक्षा दीडपट लांब. पण तिच्यावर चढ नव्हता, उतार नव्हता आणि पाय रुतत नव्हता. शेंदणीतल्या बायका डोईवर घागर घेऊन ज्या वाटेने जातात, ती वाट गुडघ्यांना सोपी असणारच, हे मला वहीत रेघ ओढताना सुचले नव्हते.

एका ठिकाणी पोरगा वळण तोडून मधून निघाला. आत्या इतक्या जोरात ओरडली की आम्ही सगळेच जागीच थांबलो. "तिथं इहीर हाय!" मला तर तिथे सपाट जमीन दिसत होती. मासेमाराने एक लांब काठी घेऊन पुढे वाकून टोचली. काठी सरळ आत गेली. पुरुषभर गेली तरी टेकली नाही. विहिरीचा कठडा कधीच ढासळला होता आणि आत काठोकाठ गाळ भरला होता. वर भेगाळलेली साय. मासेमार म्हणाला, "मी रोज हितनं ये-जा करतो, आजी. मला ठाव नव्हती." आत्या म्हणाली, "तुझ्या जल्माआधीची हाय. पानी गोड हुतं." मग ती पुढे चालू लागली. आम्ही तिघांनी तिथे बेशरमीच्या फांद्या रोवून वर एक लाल फडके बांधले.

देवळापाशी पोहोचायला दीड तास लागला. तरुण माणसाला पाऊण तास पुरेल. आत्याने वाटेत चार वेळा स्टुलावर विसावा घेतला. प्रत्येक वेळी ती कुणाचे तरी घर होते तिथेच बसली आणि त्या घराची हकीगत सांगून उठली. देवळाच्या आवारात तिने वहाणा काढल्या. मला वाटले आता ती गाभाऱ्यात जाईल. ती म्हणाली, "आत काय हाय? देव तर वर गावात हाय." आणि ती एका वीरगळापाशी जाऊन त्याला टेकून बसली. त्या दगडावरचा लढणारा वीर झिजून गेला आहे, वरचा सूर्य-चंद्र तेवढा स्पष्ट आहे. मी त्याचे रेखाचित्र काढू लागलो. कोणाची ही लढाई, कोणत्या राजाची, याचा विचार करीत होतो. हा सगळा मुलूख लढायांचा. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापुरासच लढाईत पडले. आत्याला त्यातले काही नको होते. "गुरं राखताना हितं भाकरी खायचो," ती म्हणाली, "ह्येच्या सावलीला." मग काठीने नदीकडे दाखवून म्हणाली, "ते बघ घर."

तिकडे पाणी होते. चकाकणारे, शांत. आणखी एखादा हात उतरले असते तर कदाचित दिसले असते, कदाचित नसतेही. आत्याने पाण्याकडे बोट करून मोजायला सुरुवात केली : देवळापासून चौथे घर अमक्याचे, मग चिंच, चिंचेमागे बोळ, बोळाच्या तोंडाशी रांजण, आणि मग आपले दार. "काढ," ती मला म्हणाली. मी काढीत गेलो, ती सांगत गेली. मी दार मधोमध काढले. "डाव्या अंगाला." खोडून डावीकडे काढले. मी चिंच मोठी काढली. "येवढी नव्हती." लहान केली. समोरच्या कोऱ्या पाण्यावर बघून मी अख्खी आळी काढली. आजवर कितीतरी चित्रे काढली असतील, पण समोर नसलेल्या वस्तूसाठी इतका खोडरबर कधी झिजवला नव्हता.

त्यानंतर आठवडाभरातच वाईट घडले. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावाहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वावटळीत उलटली आणि सहा माणसे बुडाली. त्यांत लहान मुले होती. पूर्वी उन्हाळ्यात या दोन तीरांमध्ये भीमेचे पात्र होते आणि माणसे पायउताराने जा-ये करीत. आता मधे समुद्रासारखे पाणी; होडीने गेले तर थोडक्यात, रस्त्याने गेले तर केवढा तरी वळसा. पलीकडच्या काठचे कुगाव बघायला होडीने जायचा माझाही बेत ठरला होता. बातमी आली त्या रात्री आत्या जेवली नाही. तिची नणंद तिकडे दिलेली होती. पाण्याआधी ती दिवाळीला चालत यायची.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी नकाशा पुरा केला. तीन रेघा काढल्या. लाल रेघ माझी, सरळ : 'या वाटेने जाऊ नये.' पिवळी मासेमाराची : 'पांढरे ढेकूळ पाहून, सोबतीसह.' हिरवी आत्याची : 'सोपी. म्हाताऱ्या माणसांस योग्य. वेळ दीड तास. विहिरीपाशी वळण तोडू नये.' खाली टीप घातली की ही वाट वर्षातून फार तर दोन महिने असते, आणि दर वर्षी असतेच असे नाही. कागद ग्लासगोला पाठवला. त्याचे उत्तर आले, "सर, सुंदर झाला आहे. पण पाण्याचा काठ दाखवायचा राहिला." मी लिहिले, राहिला नाही.

आळीचे चित्र आत्याने ठेवून घेतले आहे. सुना-नातवंडांना दाखवते. २०२४ च्या पावसाने धरण भरले आणि देऊळ गेले. २०२५ साली मेमध्येच जोराचा पाऊस झाला, आणि देऊळ पुरते उघडे पडण्याआधीच पाणी चढू लागले. गणपतीच्या सुटीत मी गेलो तेव्हा आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिच्या नातवाचा ऊस पुरुषभर उंच झाला होता. त्याला पाणी याच जलाशयातून उपसून येते.

"औंदा वाट निघाली न्हाई," ती म्हणाली.

"नाही निघाली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवीत, "चिंच मोठी हुती रे. मीच चुकले. मोठी काढ."